कार्डवाल्या बॉक्सचं फर्मवेअर बदलण्याआधी

मागच्या वेळी फर्मवेअर, म्हणजे बॉक्स चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलताना तीन रात्री आणि एक अख्खा रविवार घालवला, आणि शेवटी चूक निघाली ती सांगायलाही लाज वाटावी अशी. म्हणून या वेळी आधी लिहून काढतोय. माझा बॉक्स म्हणजे डिशवरून टीव्ही दाखवणारा सेट-टॉप बॉक्स, लिनक्सवर चालणारा, एनिग्मा २ हे टीव्हीचं सॉफ्टवेअर असलेला. मागे कॉमन इंटरफेसची, म्हणजे कार्ड वाचणारं मॉड्यूल बसवायची खाच, खाचेत मॉड्यूल, मॉड्यूलमध्ये माझ्या नावावरचं, पैसे भरलेलं कार्ड. तुमचा बॉक्स वेगळा असेल तर मेन्यू वेगळ्या जागी सापडतील, पण क्रम हाच ठेवा. पैसे न भरता चॅनल उघडायला नेटवर वाटल्या जाणाऱ्या ‘लाइनी’ आणि ‘की’ यांच्यासाठी इथे काही नाही. ती चोरी आहे, आणि वर कटकट फुकट.

सगळ्यात आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: कार्ड किती दिवस बॉक्सच्या बाहेर होतं? किंवा बॉक्स किती दिवस बंद होता? उत्तर दोन-तीन आठवड्यांच्या पुढे असेल तर आज फर्मवेअरला हात लावू नका. कार्ड आत घाला, कार्ड ज्या कंपनीचं आहे तिचंच पैशांचं चॅनल लावा, आणि बॉक्स रात्रभर चालू ठेवा. चॅनल दिसायला लागलं की मग बाकीचं बघू.

का, ते जरा नीट सांगतो, कारण मलाच हे माहीत असूनही वेळेला आठवलं नाही. चॅनलचं चित्र ज्या किल्लीने कुलूपबंद केलेलं असतं ती किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. चित्राबरोबरच एक छोटा संदेश येत असतो, त्याला ईसीएम म्हणतात. त्यात किल्ली गुंडाळलेली असते. मॉड्यूल तो संदेश कार्डाला देतं, कार्ड उघडून किल्ली परत देतं. पण या ग्राहकाला अमुक पॅकेज अमुक तारखेपर्यंत, अशी नोंद कार्डाच्या पोटात असेल तरच ते किल्ली देतं. ही नोंद नवी करणारा संदेश वेगळा, ईएमएम. तो येतो उपग्रहावरूनच, बाकी हजारो कार्डांच्या संदेशांच्या रांगेतून, फिरून फिरून. आपल्या कार्डाचा नंबर येईल तेव्हा कार्ड खाचेत हवं, बॉक्स चालू हवा, आणि ट्यूनर (बॉक्समधला सिग्नल पकडणारा भाग) त्याच कंपनीच्या ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहावरच्या प्रक्षेपकावर, हवा. ड्रॉवरमधल्या कार्डासाठी तो संदेश कुणी जपून ठेवत नाही.

माझं कार्ड घराच्या रंगकामाच्या वेळी काढून एका पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. पाच आठवडे तिथेच. रंगकाम संपलं, बॉक्स पुन्हा जोडला, आणि जोडतोच आहोत तर नवं फर्मवेअरही घालू, असं वाटलं. त्याच संध्याकाळी. फर्मवेअर व्यवस्थित चढलं, चॅनल लावलं, आणि काळ्या पडद्यावर हक्क नसल्याचा संदेश. आता दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आणि संशय अर्थातच नव्या फर्मवेअरवर गेला. जुनं परत घातलं. तेच. मॉड्यूल काढून घातलं, कार्ड काढून फुंकर मारून घातलं, बॉक्स रीस्टार्ट केला, पाच मिनिटं वाट पाहिली, परत रीस्टार्ट. मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या बाईंनी नवा संदेश सोडला आणि ‘चॅनल लावून ठेवा’ असं स्पष्ट सांगितलं. मी ‘हो’ म्हणून फोन ठेवला आणि बॉक्स रीस्टार्ट केला. म्हणजे कार्डाला बोलावणं येत होतं आणि दर वेळी मीच त्याचा कान धरून बाहेर काढत होतो. तिसऱ्या रात्री खुर्चीतच झोप लागली, काळा पडदा तसाच चालू राहिला, आणि पहाटे बातम्यांच्या आवाजाने जाग आली. काही केलं नव्हतं. काही न केल्यामुळेच झालं होतं.

तर पुन्हा: कार्ड आत, चॅनल लावलेलं, बॉक्स चालू, हात खिशात.

आता तयारी. बॅकअप घ्या. एनिग्मा २ मध्ये ईटीसी फोल्डराच्या आत एनिग्मा२ नावाचं फोल्डर असतं. चॅनलांच्या याद्या, ट्यूनरची मांडणी, टायमर, सगळं त्यातच. ते अख्खं पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्हवरून संगणकावरही उतरवा, कारण ज्या पेनड्राइव्हवर बॅकअप आहे तोच फर्मवेअरसाठी पुसून वापरणारे लोक मी पाहिले आहेत. बॅकअप उघडून बघा, रिकामा तर नाही ना.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि मॉड्यूलवरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. मदतकेंद्राला कार्डाचा लांबलचक नंबर लागतो, आणि तो वाचण्यासाठी कार्ड बाहेर काढलंत की फोनवर बोलत असतानाच येणारा संदेश चुकला. कळतंय ना मी काय म्हणतोय? फोटो. कार्ड बाहेर काढायचं नाही.

मॉड्यूलच्या मेन्यूत कार्डाची माहिती असते: नंबर, पॅकेजं, आणि बहुतेक मॉड्यूलांत हक्क कुठल्या तारखेपर्यंत आहे तेही. हे पानही टिपून ठेवा, आणि फर्मवेअर घालण्याच्या आधी टिपा. नंतर चित्र आलं नाही तर हीच तारीख बघून कळेल की दोष कार्डाच्या नोंदीत आहे की आणखी कुठे. मी हे पान पहिल्या रात्री उघडलं असतं तर संपलेली तारीख समोर दिसली असती. मी उघडलं चौथ्या दिवशी, सगळं चालू झाल्यावर, गंमत म्हणून.

मॉड्यूल आणि खाच एकमेकांना चालतात का ते विकत घेण्याआधी बघा. साधा कॉमन इंटरफेस १९९७ च्या मानकाचा, सीआय प्लस २००८ चा. दोन्ही मॉड्यूलं दिसायला सारखी, खाचेत बसतातही सारखीच. पण सीआय प्लसमध्ये मॉड्यूल आणि बॉक्स आधी एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात, आणि मॉड्यूलमधून बाहेर पडणारं चित्रही पुन्हा कुलूपबंद होऊनच बॉक्सकडे जातं. जुन्या किंवा लिनक्सवाल्या बऱ्याच बॉक्सांकडे ते प्रमाणपत्र नसतं. मग मॉड्यूलचं नाव मेन्यूत दिसतं आणि चित्र मात्र येत नाही. काही कंपन्या कार्ड एकाच मॉड्यूलशी किंवा बॉक्सशी बांधून टाकतात. तसं असेल तर दुसरीकडे घालून प्रयोग करण्यात अर्थ नाही. नवं मॉड्यूल पहिल्यांदा घातल्यावर ओळखपाळखीला काही मिनिटं लागू शकतात. त्या मिनिटांतही ते उपटू नका.

सिग्नल आधी तपासा, कार्डाशिवाय. म्हणजे कार्ड काढून नव्हे! कार्ड तिथेच राहू दे; फक्त मोफत, कुलूप नसलेली चॅनलं लावून बघा. ती दिसत नसतील तर कार्डाला दोष देऊ नका, गडबड डिश, केबल किंवा ट्यूनरमध्ये आहे. सिग्नलच्या दोन पट्ट्यांपैकी ताकदीच्या पट्टीवर भाळू नका. डिश भलत्याच दिशेला असली तरी ती ८० टक्के दाखवते, कारण एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीचा, स्वतःचा गोंगाटही त्यात मोजला जातो. गुणवत्तेची पट्टी बघा. निम्मी चॅनलं गायब असतील तर कुठली निम्मी ते बघा. बॉक्स केबलवरून १३ व्होल्ट देतो तेव्हा एलएनबी उभं ध्रुवीकरण, म्हणजे उभ्या लहरींवरची चॅनलं, घेतो, १८ व्होल्ट दिले की आडवं. फक्त आडवी गेली असतील तर १८ व्होल्ट वरपर्यंत पोचत नाहीत, बहुधा गंजलेला कनेक्टर किंवा म्हातारा झालेला ॲडाप्टर. ११.७ गिगाहर्ट्झच्या वरची सगळी गेली असतील तर एलएनबीला वरच्या पट्ट्याकडे वळवणारा २२ किलोहर्ट्झचा सूर पोचत नाही. मध्ये स्विच लावला असेल तर आधी तो काढून बघा.

कार्डाच्या चिपवरचा सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस. खोडरबर घासणारे भेटतील; सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, दोनदा घासलात की गेला. चिप वर की खाली हे मॉड्यूलवरच्या चित्रात बघा. माझ्यात खाली. उलटं घातलं तर मॉड्यूल ‘कार्ड नाही’ म्हणतं, ‘हक्क नाही’ म्हणत नाही. हा फरक फार कामाचा आहे. ‘कार्ड नाही’ म्हणजे स्पर्शाचा किंवा दिशेचा प्रश्न, तिथे काढणं-घालणं चालेल. ‘हक्क नाही’ म्हणजे कार्ड वाचलं जातंय, त्याला फक्त नोंद हवीय. तिथे काढलंत-घातलंत तर नुकसानच. चित्र येतं आणि दहा-दहा सेकंदांनी अडकतं, हा तिसरा प्रकार: किल्ली वेळेवर मिळत नाहीये. तेव्हा स्पर्श आणि मॉड्यूलची उष्णता तपासा, बॉक्सच्या मागे हवा खेळते का ते बघा.

फर्मवेअर. तुमच्या नेमक्या मॉडेलचं. नावातलं एक अक्षर वेगळं असेल तर ते दुसऱ्याच बॉक्सचं, आणि ते चढवलंत तर बॉक्सचा दगड होऊ शकतो. फाइल पूर्ण उतरली आहे का ते आकारावरून आणि चेकसमवरून (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. चढत असताना वीज जाता कामा नये; शक्य असेल तर यूपीएसवर लावा. पट्टी अडकल्यासारखी वाटली तरी पंधरा मिनिटं काही करू नका. (या सगळ्या उद्योगात मला एकच कौशल्य लागतं असं दिसतंय, आणि नेमकं तेच माझ्याकडे नाही.)

आणि मॉड्यूलचं फर्मवेअर वेगळं असतं. दोन्ही एकाच दिवशी बदलू नका. एका दिवशी एकच गोष्ट. बॉक्सचं झालं, चॅनल दिसलं, दोन दिवस गेले, की मॉड्यूल. माझ्या पाच आठवड्यांच्या कार्डासारखी तिसरी गोष्ट तर त्या दिवशी नकोच.

चढल्यावर घड्याळ बघा. माझा बॉक्स नवं फर्मवेअर घातल्यावर १ जानेवारी १९७० ला जागा होतो. ट्रान्सपाँडरवरून किंवा नेटवरून वेळ घेईपर्यंत टायमर आणि तारखेवर चालणाऱ्या तपासण्या सगळ्या बिघडलेल्या दिसतात. नेटची केबल जोडा, वेळ बरोबर झाली की पुढे.

मग बॅकअप परत घाला, कंपनीचं पैशांचं एक चॅनल लावा. दिसलं तर उत्तम. ‘हक्क नाही’ आलं तर मेन्यूतली तारीख बघा, मदतकेंद्राला फोन करून नवा संदेश मागा, आणि त्यानंतर बॉक्सला हात लावू नका. रीस्टार्ट नाही. चॅनल बदलणं नाही, कारण दुसऱ्या ट्रान्सपाँडरवर तो संदेश येतच असेल असं नाही. स्टँडबाय नाही, माझा बॉक्स स्टँडबायमध्ये ट्यूनर सोडून देतो, तुमचाही देत असेल. टीव्ही बंद केला तर चालेल, बॉक्स नाही.

पुढचं पटकन. टायमर तपासा. रेकॉर्डिंगचा फोल्डर जागेवर आहे का ते बघा. एक रेकॉर्ड करताना दुसरं बघता येतं का हे मॉड्यूलवर अवलंबून; काही एका वेळी एकच चॅनल उघडतात. मुलांसाठीचा पिन परत घाला. नवा बॅकअप घ्या, नाव आणि तारीख घालून. बाकी आवाज, सबटायटल, यादीचा क्रम, होईल सावकाश.

रिमोट मी रात्री ड्रॉवरमध्ये टाकून झोपतो. कार्ड पडून होतं त्याच.