संदर्भ देशी जर्नलचा द्यावा की परदेशी?

वैद्यकीय शोधनिबंधात देशी जर्नलचा संदर्भ घ्यावा की परदेशी, हा प्रश्न संदर्भसूची जुळवताना नव्हे, तर प्रत्येक विधान लिहिताना स्वतःला विचारावा, कारण त्याचे उत्तर विधानागणिक बदलते. औषध शरीरात कसे काम करते किंवा एखाद्या उपचाराने मृत्यू कमी होतात का, अशा विधानांसाठी सर्वांत भक्कम पुरावा जिथे छापून आला असेल तिथला घ्यावा. रोगाचे प्रमाण, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू, उपचाराचा खर्च यांबाबत मात्र आपण ज्या लोकसंख्येविषयी लिहितो तिथलाच अभ्यास हवा. दुसऱ्या खंडातील रुग्णालयाची टक्केवारी उसनी आणली, तर जर्नल कितीही नामांकित असले तरी विधान निराधारच राहते.

इम्पॅक्ट फॅक्टर पाहून निवड करू नये. मागील दोन वर्षांतील लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो आकडा सांगतो. हातातल्या लेखातील नमुना पुरेसा होता का, हे लेख वाचूनच कळते.

शोध पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवरच थांबवू नये. लॅटिन अमेरिकेसाठी लिलॅक्स, कोरियासाठी कोरियामेड आणि जागतिक आरोग्य संघटनेचा ग्लोबल इंडेक्स मेडिकस यांत पबमेडवर न आढळणारी अनेक प्रादेशिक जर्नले सापडतात. लेख इंग्रजीत नसेल, तर व्हँकुव्हर या वैद्यकीय जर्नलांत रूढ असलेल्या संदर्भलेखनाच्या पद्धतीनुसार शीर्षकाचे भाषांतर चौकटी कंसात देऊन शेवटी मूळ भाषा नोंदवावी. मात्र नुसता इंग्रजी सारांश वाचून संदर्भ देणे टाळावे.

श्रेयाच्या बाबतीत अधिक काटेकोर असावे. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये मांडला होता, पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तिकडे वळले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आल्यावर. आधी कोणी सांगितले, या वाक्याला पहिला संदर्भ लागतो आणि डॉ. वकील यांनी रुग्णांवरून काढलेल्या निष्कर्षाला दुसरा. केवळ परदेशी लेख सहज मिळतो म्हणून त्यावरच दोन्ही वाक्यांचा भार टाकणे, हे सर्रास होत असले तरी, अप्रामाणिक आहे.

याउलट, देशाभिमानापोटी कच्चा अभ्यास सूचीत घुसवणेही तितकेच गैर. संपादकाने आपल्याच जर्नलमधील लेख जोडण्यास सुचवले, तर ते कोणत्या विधानाला आधार देतात हे पाहावे आणि देत नसल्यास उत्तरात कारणासह नम्र नकार कळवावा.