स्क्रीन काळी पडली म्हणून लगेच इन्व्हर्टर आणू नका

जुना लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. खोलीतला दिवा घालवा आणि स्क्रीनवर तिरकी टॉर्च मारा. आयकॉन पुसट दिसले तर पॅनल (चित्र दाखवणारा काचेचा भाग) जिवंत आहे, मागचा उजेड तेवढा गेलाय.

हा उजेड उदबत्तीच्या काडीएवढ्या सीसीएफएल ट्यूबचा, म्हणजे बारीक ट्यूबलाइटचा. तिला चालायला ६००-७०० व्होल्ट लागतात, पेटताना हजाराच्या वर. ते बनवणारी बोटभर लांब पट्टी म्हणजे इन्व्हर्टर. सगळे आधी तिच्यावरच संशय घेतात. मीही घेतला होता. २००५ च्या एका लॅपटॉपसाठी पुण्याच्या तापकीर गल्लीतून इन्व्हर्टर आणला, लावला, चार दिवसांत पुन्हा अंधार. बिजागरीतून स्क्रीनकडे जाणाऱ्या केबलची तार तुटत आली होती! झाकण हलवलं की उजेड लुकलुकायचा, पण तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

उजेड आधी गुलाबी-लालसर येऊन मग जात असेल तर बहुधा ट्यूब संपलीय. झाकणाचा स्विच अडकलाय का, तेही बघून घ्या.

आता अडॅप्टर आणि बॅटरी काढून स्क्रीनची चौकट उघडा. स्क्रू रबरी टोप्यांखाली लपलेले असतात. पुन्हा वीज जोडून मल्टिमीटरची काळी तार ग्राउंडला (वजा बाजूला) आणि लाल तार इन्व्हर्टरच्या पट्टीवरच्या फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावून बघा. ट्यूबच्या बाजूला मीटर नेऊ नका, बोटही नको. चटका बसतो आणि मीटर जातो. दोन्ही टोकांना व्होल्टेज नसेल तर दोष केबलमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये. एकाच टोकाला असेल तर फ्यूज उडालाय. पण तो का उडाला? वीज काढून फ्यूजच्या व्होल्टेज नसलेल्या टोकापासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टन्स मोजा. जवळजवळ शून्य आला तर बहुधा मॉसफेट (पट्टीवरचा वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे, नवा फ्यूजही उडणार. फ्यूज त्याच अँपियरचा टाका, तारेचा जुगाड नको.

फ्यूज ठीक आणि इन्व्हर्टर चालू करण्याचा सिग्नलही येतोय (बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्ट), तरी अंधार? मग दुसरी चांगली ट्यूब जोडून बघा. फुटलेल्या पॅनलमधली एक मी याचसाठी जपून ठेवलीय. ती पेटली तर जुनी ट्यूब गेली, नाही पेटली तर इन्व्हर्टर. ट्यूबमध्ये पारा असतो, फोडू नका.

इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरची बारीक तार तुटली असेल तर ती गुंडाळत बसू नका, पट्टीच बदला. नुसता प्लग जुळून भागत नाही, पिनांचा क्रमही जुळला पाहिजे. आणि पट्टीवरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद परत लावा, नाहीतर धातूच्या चौकटीवर ठिणग्या तडतडतात.