कात्रणांची गोधडी: मधोमध फुगू न देता कशी शिवावी

सोलापुरात कापडाच्या तुकड्यांना तोटा नाही. प्रत्येक गल्लीत एखादा तरी शिंपी असतो, पूर्व भागात गणवेश शिवणारे कारखाने आहेत, आणि घरोघरी जुनी लुगडी, खणाच्या चोळ्या, कॉलर विरलेले सदरे बांधून ठेवलेलं एक बोचकं असतंच. त्यामुळे 'चिंध्यांची गोधडी कर की' हा सल्ला इथं कुणीही देतं. पहिली गोधडी मधोमध फुगते, हे मात्र कुणी सांगत नाही. मग ती पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून माळ्यावर जाते. माझी गेली होती. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्या फुगवट्याला दिली आहे. बाकीचं हाताला सुचतं.

तुकडे निवडताना

'एकही चिंधी फेकू नका' असं जी बाई सांगते तिनं स्वतः गोधडी धुतली नसावी. सगळं कापड एका गोधडीत नांदत नाही. सुती कापड पाण्यात आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही शेजारी शिवली की दोन-चार धुण्यांत सुती ठिगळ आखडतं आणि शेजारचं चुरगळून उभं राहतं.

आपल्याकडे गणवेशाची कात्रणं सहज मिळतात, आणि गोम तिथंच आहे. शर्ट-पँटचं ते कापड बहुतेक पॉलिस्टरमिश्रित असतं. दिसायला मस्त, हाताला कडक, पण घाम टिपत नाही. ओळखायचं कसं? एक धागा काढून काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटानं चुरडता येणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. असे तुकडे वेगळे काढा, त्यांची पिशवी शिवा, पायपुसणं करा. सुती गोधडीत त्यांना घेऊ नका. आणि एक गंमत सांगते: नुसत्या गणवेशाच्या तुकड्यांची गोधडी मी एकदा केली, गडद निळा, मरून, खाकी, आकाशी. पांघरली की प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं वाटायचं.

खणाचे तुकडे जरूर घ्या, पण त्यांचे धागे कडेनं भराभर सुटतात, म्हणून त्यांना दुमड अर्धा इंच द्या. बाकीच्यांना पाव इंच पुरते. दोन बोटांपेक्षा लहान चिंधी ठिगळ म्हणून घेऊ नका, ती सगळी दुमडीतच संपते.

रंग जातो का ते एकेका गडद तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. जात असेल तर तो तुकडा बाद. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, ही समजूत सोडा. कापड रंगवताना रंग धाग्यात शिरायला मिठाची मदत होते. एकदा विकत आणलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्यानं थांबत नाही. लाल काठाच्या एका तुकड्यानं माझं अख्खं पांढरं अस्तर गुलाबी केलंय, मिठात भिजवल्यानंतर.

पोटात काय घालायचं

जुनी, मऊ पडलेली सुती लुगडी. त्याहून चांगलं काही नाही.

नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, इंचात 324. त्याचे 80 इंचांचे चार सरळ तुकडे निघतात आणि पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 ते 48 इंच असतो. पहिल्या वेळेला तुमची गोधडी याच पन्ह्याची करा, म्हणजे मधे जोड द्यायला लागत नाही. चारांपैकी एक तुकडा अस्तराला, दोन पोटात, आणि चौथा ठिगळं बसवायला. इरकल लुगडं असेल तर पदर कापून बाजूला ठेवा. अंग सुती आणि पदर रेशमी असतो, दोघं सारखे आटत नाहीत. मग तीनच तुकडे निघतात, चौथा दुसऱ्या साडीतून काढा. अस्तराचा तुकडा पूर्ण ठेवा, बाकीचे तीन चारी बाजूंनी दीड-दीड इंच कमी करा. का, ते शेवटी.

सोलापुरी चादर पोटात घालू नका. हे मुद्दाम लिहितेय, कारण इथं प्रत्येकाच्या घरात एक विरलेली चादर असते आणि प्रत्येकाला हीच युक्ती सुचते. मलाही सुचली. चादरीची वीण जाड आणि दुहेरी, सुई अर्ध्यात अडते. अंगुस्तान घालूनही माझ्या मधल्या बोटाला भोक पडलं. कशीबशी पुरी झाली, तर धुतल्यावर ती पिळायला दोन माणसं लागायची. टर्किश टॉवेलची तीच गत, वर सुई त्याच्या फासांत अडकते. मऊ फोमच्या चटया भरा म्हणणारे पुण्या-मुंबईत एसी लावून झोपत असतील. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराचे थंडीचे दिवस सोडले तर गोधडी इथं जास्त करून अंथरायलाच लागते. अंथरूण वारा खेळणारं हवं.

ठिगळं बसवणं

चौथ्या तुकड्याच्या एका कोपऱ्यापासून सुरू करा, आधीच्या ठिगळाची उघडी कड पुढच्याच्या दुमडीखाली घ्या. इथं मशीन खुशाल वापरा. फक्त प्रत्येक तुकडा दोन्ही हातांनी ओढून बघा: ज्या दिशेला तो रबरासारखा ताणतो ती त्याची उरेब. शिंप्याकडच्या कात्रणांत बाहीच्या मुंढ्याचे, गळ्याचे असे उरेब तुकडे फार असतात. त्यांचा आडवा-उभा धागा खालच्या कापडाच्या धाग्याशी जुळेल असे फिरवून लावा, मग आकार वाकडा दिसला तरी चालेल.

थर अंथरून कच्चा दोरा घालणं

आता खरं काम.

माझ्या पहिल्या गोधडीला मी चार कडांना टाचण्या लावल्या, मधे चार-सहा ठिकाणी लावल्या आणि कडेपासून आत शिवत निघाले, कारण सासूबाईंना तसंच शिवताना बघितलं होतं. कडेनं एक चौकट, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. पंधरा दिवसांनी मधे हातभर जागा उरली आणि तिथं कापड पुरणपोळीसारखं टम्म फुगलेलं. दाबलं तर बाजूला सरकायचं, जायचं कुठंच नाही. नवऱ्यानं विचारलं, "आत उशी शिवलीस काय?" त्या रात्री मी अर्धी गोधडी उसवली.

शेजारच्या अक्का माग चालवायच्या. त्यांनी येऊन नुसतं बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "वरचं ढिलं, खालचं ताणलेलं. मागावर असा ताणा लावला तर मालक घरी पाठवंल." फुगवट्याचं सगळं कारण त्या वाक्यात होतं, मला कळायला अजून दोन गोधड्या गेल्या.

असं होतं: सुई वरून आत जाताना वरचं कापड केसभर पुढं ढकलते, आणि दोरा ओढला की खालचे थर केसभर आकसतात. एका टाक्यात ते दिसत नाही, पण ओळीमागून ओळ जाते तसा वरचा सैलपणा पुढं पुढं साचत जातो. कडेपासून आत शिवलं तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. तो मधे अडकतो. मधून बाहेर शिवलं तर तो कडेला येतो आणि तिथं कात्रीनं कापून टाकता येतो.

मग सासूबाईंची गोधडी का फुगायची नाही? त्यांच्या वेळी चार कडांना चार बायका बसायच्या. चौघी एकाच वेळी शिवायच्या, चारी बाजूंनी कापड आपापल्याकडे ओढून धरलेलं असायचं, आणि प्रत्येकीच्या हाताखालून तशा कैक गोधड्या गेलेल्या. तुमच्याकडे चार बायका असतील तर कडेनं शिवा. एकटीनं शिवायची असेल तर माझं ऐका.

जमीन मोकळी करा. पलंगावर हे काम करू नका, गादी दबते आणि अस्तर खाली झोळ धरतं. वरून काही दिसत नाही, उलटल्यावर कळतं. घरात शहाबादी फरशी असेल तर तुम्ही नशीबवान, फरशांच्या सरळ सांध्यांवर कापडाच्या कडा लावल्या की काटकोन आपोआप मिळतो. पंखा बंद. गच्चीवर संध्याकाळी छान वाटतं म्हणून जाऊ नका, वारा सुटला की थर उलटेपालटे होतात.

अस्तर उलटं अंथरा आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. वरवंटा, खलबत्ता, इस्त्री, जे असेल ते. कापड ताठ हवं पण खेचलेलं नको. खेचून ठेवलं तर वजन काढल्यावर ते परत आखडतं आणि वरचे थर ढिले पडतात, म्हणजे फुगवट्याचं बी तिथंच पेरलं जातं. ओल्या हाताचा तळवा मधून कडेकडे फिरवा, सुरकुती पुढं सरकवत बाहेर काढा. मग पोटातला पहिला थर, पुन्हा तळवा. दुसरा थर, पुन्हा तळवा. सगळ्यात वर ठिगळांचा तुकडा. प्रत्येक थर स्वतंत्रपणे सपाट झाला पाहिजे. चारही एकदम अंथरून वरून हात फिरवण्यात काही अर्थ नाही, हात फक्त वरच्याला लागतो.

आता कच्चा दोरा, म्हणजे थर धरून ठेवणारे आणि नंतर काढून टाकायचे लांब टाके. 'वीतभर अंतरावर टाचण्या लावा' हा सल्ला मी अनेकींकडून ऐकलाय. टाचणी एका ठिपक्यावर धरते, तिच्या आजूबाजूचं कापड सरकायला मोकळं असतं, आणि मांडीवर घेतल्यावर निम्म्या टाचण्या टोचतात, उरलेल्या गळतात. कच्चा दोराच घाला. बरोबर मधोमध लांबीत पहिली ओळ, दोन-दोन इंचांचे टाके. मग तिच्या उजवीकडे सहा इंचांवर दुसरी, डावीकडे सहा इंचांवर तिसरी, असं आळीपाळीनं कडेपर्यंत. तसंच आडवं, पुन्हा मधून सुरू करून. झालं की गोधडीवर सहा इंची चौकटी दिसल्या पाहिजेत.

टाके घालताना गोधडी उचलू नका. तुम्ही तिच्याभोवती सरका. गुडघे दुखतात, मला माहीत आहे, पण कड उचलून मांडीवर घेतली की चारही थर वेगवेगळे लोंबतात आणि आधी फिरवलेला तळवा फुकट जातो. सुई फरशीला टेकवून तिरपी वर काढायची. डाव्या हातात जेवणाचा चमचा उलटा धरून टोक त्यावर झेलायचं. दोरा पांढरा किंवा फिका घ्या. गडद दोरा नंतर ओढताना टाक्याच्या भोकात रंगीत तूस राहतं.

मग वजनं काढा, गोधडी उलटी करा आणि अस्तराकडून पूर्ण हात फिरवा. कुठं चिमटीत पकडता येईल एवढा झोळ लागला तर त्या चौकटीचा दोरा उसवून पुन्हा घाला. 'शिवताना बसेल' असं मी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा बसला नाही. या सगळ्याला मला अजूनही एक अख्खी दुपार लागते. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

धावदोरा

इतकं नीट झालं की पुढं डोकं लागत नाही. मधल्या ओळीपासून सुरू करा, एक ओळ उजवीकडे, एक डावीकडे. दोन ओळींत बोटभर अंतर, टाका पाव इंचाचा. सुई लांब, बारीक अंगाची. दाभण नको, त्याची भोकं राहतात. दोरा दीड हातापेक्षा लांब घेतला की गुंता होतो. गाठ थरांच्या आत ओढून लपवा. दोरा ओढल्यावर ओळीवर नख फिरवून कापड मोकळं करा, ओळ गोळा झालेली दिसली तर टाके घट्ट पडतायत.

या मापाच्या गोधडीला साधारण दीडशे मीटर दोरा जातो. रोज दुपारी दीड तास बसलात तर दोन-अडीच आठवडे लागतील. दिवाळीनंतर काढली तर संक्रांतीपर्यंत आरामात होते.

साध्या घरगुती मशीनवर हे करू नका. मशीनची टाच वरचा थर पुढं ढकलते, खालचे दाते अस्तर मागं ओढतात, म्हणजे हाताचाच दोष दसपट. थर सारखे ओढणारी वेगळी टाच मिळते, ती असेल तर गोष्ट वेगळी.

गोट

वरचे तीन थर दीड इंच कमी ठेवले होते ते या गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी. कडेला साचलेला सैलपणा कापून टाका, अस्तराची कड दोनदा दुमडून पुढच्या बाजूला आणा, हातानं शिवा. कोपरे लिफाफ्यासारखे. वेगळी पट्टी विकत आणायची गरज नाही.

कच्चा दोरा आता काढा, आधी नाही. चौकटी-चौकटीला कापून छोटे तुकडे ओढा, एका टोकाकडून सगळा खेचलात तर वरचे टाकेही सोबत निघून येतात. पहिलं धुणं गार पाण्यात, बादलीत एकटीच. वाळत घालताना दोरीवर टांगू नका, ओल्या वजनानं एका बाजूला ओघळते. गच्चीवर जुनं धोतर अंथरून त्यावर पालथी घाला, अस्तर वर. सोलापूरच्या उन्हात ठिगळांचे रंग विटायला वेळ लागत नाही.