मोजपट्टी बदलताना: सामाजिक बदलाच्या अभ्यासात संशोधन पद्धती कशा जोडाव्यात आणि कशा बदलाव्यात

सामाजिक बदलाचा अभ्यास अनेकदा वर्षानुवर्षे चालतो. त्या काळात समाज बदलत असतोच, पण कधी निधी आटतो, कधी प्रश्नावली अपुरी ठरते, कधी प्रत्यक्ष भेटी अशक्य होतात, आणि संशोधकालाही आपली पद्धत बदलावी लागते. मग दोन फेऱ्यांच्या आकड्यांत दिसणारा फरक लोकांमध्ये पडला आहे की मोजण्याच्या रीतीत, हे सांगणे अवघड होते. पद्धती जोडण्याचे आणि बदलण्याचे सगळे नियोजन हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून करावे.

सुरुवात पद्धतीपासून न करता प्रश्नापासून करावी. ‘किती बदल झाला’, ‘कोण बदलले’ आणि ‘कसे बदलले’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. समजा, पहिल्या फेरीत 100 पैकी 30 जण कामासाठी बाहेरगावी होते आणि दुसऱ्या फेरीतही 30 जणच होते. दर वेळी नवा नमुना, म्हणजे निवडलेल्या माणसांचा नवा गट, घेणाऱ्या सर्वेक्षणावरून ‘काहीच बदलले नाही’ असे दिसेल; त्याच व्यक्तींना पुन्हा भेटणारे पॅनल सर्वेक्षण मात्र पूर्वीचे 15 जण परतले आणि नवे 15 जण गेले, हे दाखवू शकेल. ते का परतले, हे दोन्ही सर्वेक्षणांतून फारसे कळणार नाही. त्यासाठी सविस्तर मुलाखतीच घ्याव्या लागतील. पॅनलची एक गोची आधीच लक्षात घ्यावी: ज्यांच्या आयुष्यात सर्वाधिक उलथापालथ होते तेच लोक पुढच्या फेरीत सापडत नाहीत.

पद्धती जोडण्याचे एक जुने पण अजूनही शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियातील मारिएंताल या गिरणीच्या गावाचा अभ्यास. गिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले होते. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांचा हा अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील 478 कुटुंबांची कुटुंबवार नोंद ठेवली गेली, जेवणाच्या नोंदी आणि दिवसभराच्या वेळेचे तक्ते भरून घेतले गेले, शाळकरी मुलांचे निबंध वाचले गेले आणि रस्त्यावरून जाणारे लोक किती वेगाने चालतात व किती वेळा थांबतात हेही नजरेआडून मोजले गेले. बेकारांच्या हाती वेळच वेळ असल्याने वाचन वाढेल, असे कोणालाही वाटले असते; पण पुस्तके नेण्याचे शुल्क रद्द होऊनही ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव घटली. रिकामा वेळ मिळणे आणि तो वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे दिसले. ग्रंथालयाच्या नोंदी, वेळेचे तक्ते आणि चालण्याचा मंदावलेला वेग एकमेकांशेजारी ठेवल्यामुळेच हा निष्कर्ष भक्कम झाला. एकट्या ग्रंथालयाच्या आकड्यावर तो उभा राहिला नसता.

आपल्या अभ्यासात असे करायचे तर सर्वेक्षण आणि मुलाखती स्वतंत्र प्रकरणांत लिहून शेवटी शिवू नयेत, कारण तो शिवणीचा धागा बहुधा कच्चाच असतो. सर्वेक्षणाच्या नमुन्यातूनच मुलाखतीसाठी माणसे निवडावीत, आणि त्यांत सर्वसाधारण उत्तर देणाऱ्यांबरोबर अगदी विसंगत उत्तर देणारेही मुद्दाम घ्यावेत. मग प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ असलेला तक्ता करावा: एका रकान्यात प्रश्नावलीतील उत्तर, शेजारी मुलाखतीचा सारांश, त्यापुढे निरीक्षणाची नोंद. उत्तरे जुळत नाहीत तेथे घाईने एकाला ‘खरे’ ठरवू नये. प्रश्नावलीत ‘मी काम करत नाही’ म्हणणारी स्त्री निरीक्षणाच्या नोंदीत दिवसाचे कित्येक तास कुटुंबाच्या व्यवसायात राबताना दिसली, तर ती विसंगती हाच अभ्यासाचा ऐवज आहे.

पद्धत बदलण्याचे काम याहून जोखमीचे असते. भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 1999-2000 च्या 55 व्या फेरीत अन्नावरील खर्च एकाच कुटुंबाला गेल्या 7 दिवसांच्या आणि गेल्या 30 दिवसांच्या अशा दोन्ही संदर्भकाळांसाठी विचारला गेला. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला असण्याची शक्यता असल्याने, 1993-94 च्या तुलनेत गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये दीर्घकाळ वाद चालला. बदलामागचा हेतू चांगला होता, पण जुन्या आकड्यांकडे जाणारा पूल कमकुवत झाला.

याउलट अमेरिकेतील रोजगाराच्या मासिक सर्वेक्षणाची प्रश्नावली जानेवारी 1994 मध्ये बदलली, तेव्हा नवी प्रश्नावली जुलै 1992 ते डिसेंबर 1993 या काळात वेगळ्या नमुन्यावर जुनीच्या समांतर चालवून पाहिली गेली. जुन्या प्रश्नावलीत ‘गेल्या आठवड्यात तुम्ही मुख्यतः काय करत होता’ या प्रश्नाची शब्दयोजना समोरच्या व्यक्तीनुसार बदलत असे. कोणाला ‘काम’ म्हणून विचारायचे आणि कोणाला ‘घरकाम’ म्हणून, हे बऱ्याच अंशी प्रश्न विचारणाऱ्याच्या अंदाजावर असे. समांतर फेरीमुळे शब्दयोजनेसह एकूण पद्धतीचा परिणाम किती, याचा अंदाज घेता आला. लहान अभ्यासाला अठरा महिने परवडत नाहीत, हे मान्य. तरी निदान एका फेरीत नमुन्याचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करावेत आणि एकाला जुन्या, दुसऱ्याला नव्या पद्धतीने विचारावे. सगळ्याच खर्चांत कात्री लावायची वेळ आली तरी हा खर्च वाचवू नये.

प्रत्यक्ष भेटीऐवजी फोन वापरायचा असेल तर दोन परिणाम वेगळे तपासावेत. फोन नसलेले किंवा तो न उचलणारे लोक नमुन्यातून गळतात, हा एक. आणि तीच व्यक्ती समोरासमोर वेगळे उत्तर देते, हा दुसरा. पहिल्या परिणामासाठी भारांकनाची, म्हणजे नमुन्यात कमी पडलेल्या गटांच्या उत्तरांना हिशेबात जास्त वजन देण्याची, काही मदत होते, दुसऱ्यासाठी जवळजवळ होत नाही.

बदल केव्हा, कोणत्या कारणाने आणि कोणत्या प्रश्नांत केला, याची तारखेसह नोंदवही ठेवावी आणि ती विश्लेषण करणाऱ्याच्या हाती द्यावी. आलेख काढताना जुन्या व नव्या पद्धतीचे बिंदू एका सलग रेषेने जोडू नयेत. बदलाच्या ठिकाणी रेषा तोडावी, समांतर फेरी झाली असल्यास त्या काळापुरत्या दोन्ही रेषा शेजारी दाखवाव्यात आणि त्यांच्यातील अंतर आलेखाखालच्या टिपेत आकड्यानिशी लिहावे.