निधी जमवताना उमेद टिकवण्यासाठी
मदतनिधीच्या पदयात्रेसाठी पैसे जमवताना घरचे आणि जवळचे लोक पहिल्या आठवड्यातच देऊन मोकळे होतात आणि त्यानंतर आकडा हलत नाही. उमेद खचते ती नेमकी याच टप्प्यावर. अशा वेळी एकूण उद्दिष्टाकडे पाहत बसण्यापेक्षा रोज तीन माणसांशी प्रत्यक्ष बोलायचे, एवढेच ठरवावे, कारण कोण किती देईल हे आपल्या हातात नसले तरी विचारणे आपल्या हातात असते. सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सराव करताना रोज भेटणाऱ्या मंडळींपासून सुरुवात करावी. त्यांनी आपल्याला चालताना पाहिलेले असते. गणेशोत्सवाची वर्गणी काढण्यात मुरलेला तालीम मंडळातला एखादा कार्यकर्ता सोबत घेतला, तर लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांसमोर उभे राहतानाचा संकोचही बराच कमी होतो. पावती त्याच दिवशी द्यावी. संस्थेला प्राप्तिकर सवलतीची मान्यता असेल, तर जुन्या करपद्धतीत देणगी रोखीने दिली तर ही सवलत २,००० रुपयांपर्यंतच्या देणगीलाच मिळते, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा यूपीआयने द्यावी, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याच्या नावापुढे वहीत फुली न मारता 'पगारानंतर' असे लिहून ठेवावे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याला पुन्हा भेटावे.