खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पायाचा दगड

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पायासाठी सच्छिद्र चुनखडीचा दगड सर्वांत योग्य ठरतो, कारण माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू त्याच्या छिद्रांत वस्ती करतात. दगडावर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला, तर त्यात कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा मुख्य घटक, आहे असे समजावे. मात्र या चाचणीने धातू कळत नाहीत, म्हणून गंजाचे डाग किंवा चकाकणाऱ्या रेषा असलेला दगड सरळ बाजूला ठेवावा. कोकणातला जांभा सच्छिद्र असला तरी लोहयुक्त असल्यामुळे मी तो सुचवणार नाही. काळा बसाल्ट चालतो, पण तो जड असतो. किनाऱ्यावरून प्रवाळ मात्र उचलू नये. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

दगड ब्रशने घासून धुवावा. उकळू नये, कारण आत अडकलेल्या वाफेने तो फुटू शकतो. नंतर वेगळ्या पिंपात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या फिरत्या पाण्यात तो ठेवावा आणि चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून, अमोनिया व नायट्राइट वाढून पुन्हा शून्यावर येईपर्यंत काही आठवडे मुरू द्यावा. रचताना खालचे दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकवावेत, अन्यथा वाळू उकरणारे मासे सगळी रचना ढासळवतात.