तारकर्लीला येताय? सनस्क्रीनच्या या चुका टाळा

आमच्याकडे मालवणजवळ तारकर्लीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. पाहुणे गेले की खोली झाडताना बाथरूमच्या फळीवर एक वस्तू हमखास सापडते, सनस्क्रीनची ट्यूब. विसरून राहिलेली. हातात घेतली की जड लागते, कारण जवळजवळ भरलेलीच असते. आणि तीच मंडळी आदल्या रात्री सुरमईचं ताट समोर असताना खुर्चीला पाठ न टेकवता बसलेली असतात. खांदे लालबुंद, नाकाचा शेंडा सोललेला. "ताई, एसपीएफ ५० लावलं होतं हो, तरी असं कसं झालं?"

उत्तर त्या ट्यूबमध्येच असतं. सनस्क्रीन वाईट नव्हतं, ते अंगाला पुरेसं लागलंच नव्हतं.

वाटाण्याएवढं लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते. डब्यावरचा एसपीएफचा आकडा, म्हणजे ऊन अडवण्याचं माप, प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावलेला असतो. घरी आपण त्याच्या निम्मं किंवा पाव भागच लावतो. निम्मं लावलं की ५० चा आकडा २५ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. पाव लावलं तर त्या महागड्या ट्यूबचा उपयोग नावापुरताच उरतो.

मोजायची सोपी रीत म्हणजे बोटं. तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत दोन पट्ट्या काढायच्या. एवढं फक्त चेहरा, कान आणि मानेला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि अर्धी पँट घातलेल्या माणसाला दोन्ही हात आणि गुडघ्याखालचे पाय धरून एका वेळी साधारण १२ ते १५ ग्रॅम लागतं. पोहण्याच्या कपड्यांत असाल तर तीसेक मिलिलिटर. आता हिशोब करा, चार मोठी माणसं एकदा नीट लावतील तर ५० ग्रॅमची ट्यूब तिथेच संपते. तीन दिवस पुरवायची म्हटलं तर कुणालाच धड लागणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की समुद्रावर यायचं तर छोटी महाग ट्यूब घेऊ नका. साधं, मोठ्या बाटलीतलं घ्या, ज्याच्यावर हात सढळ राहील. दोनशे रुपयांचं भरपूर लावलेलं हे हजार रुपयांच्या जपून लावलेल्यापेक्षा केव्हाही बरं.

सकाळी एकदा लावलं की झालं असं समजणं

पाण्यात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं, म्हणजे थर बसतो. आमच्याकडे बहुतेक जण होडीत चढताना लावतात आणि दहाव्या मिनिटाला पाण्यात उडी मारतात. त्यानंतर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि पाण्यातून बाहेर येऊन टॉवेलने अंग पुसलं की घड्याळ न बघता पुन्हा. टॉवेल पाण्याबरोबर सनस्क्रीनही पुसून नेतो.

पूर्ण वॉटरप्रूफ सनस्क्रीन नसतं. अमेरिकेत तर तो शब्द पाकिटावर छापायलाच परवानगी नाही. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिता येतं, आणि तेही ४० मिनिटं की ८० मिनिटं ते सांगावं लागतं. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं, त्यामुळे पाकिटावर मोठाले दावे बघायला मिळतात. तुम्ही मात्र ८० मिनिटं हीच वरची मर्यादा धरून चाला. दशावतारातल्या नटाचा रंग घामाने उतरतो तो डोळ्यांना दिसतो. सनस्क्रीन उतरलेलं दिसत नाही, एवढाच फरक.

फक्त एसपीएफचा आकडा बघणं

एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो, म्हणजे कातडी लाल करणाऱ्या, भाजणाऱ्या. ३० चं सनस्क्रीन त्यातले ९७ टक्के अडवतं, ५० चं ९८ टक्के. म्हणून ३० आणि १०० यांच्यात पैसे मोजण्याइतका फरक नाही. ५० म्हणजे पन्नासपट वेळ उन्हात बसायची मुभा, हा अर्थ तर मुळीच काढू नका.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जास्त त्रास देतात ते यूव्हीए किरण. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत जवळजवळ ९५ टक्के हेच असतात. ते भाजल्याचं जाणवू देत नाहीत, पण काळवंडणं आणि गालावरचे वांग वाढवतात. त्यांच्यासाठी पाकिटावर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं असतात. तीन किंवा चार बघून घ्या, किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं. आधीपासून वांग असतील तर रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही थोपवतं, आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतात.

"आम्ही काळे, आम्हाला कशाला?" असं म्हणणारे खूप भेटतात. सावळ्या कातडीला निसर्गाने थोडं संरक्षण दिलंय हे खरं, पण ते एप्रिल-मेच्या दुपारला पुरत नाही. तेव्हा कोकणात भर दुपारी यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ११ पासून पुढे सगळं 'अतितीव्र' धरतात. डिसेंबरमध्येसुद्धा तो ७-८ ला पोचतो. ३ पासूनच काळजी घ्यायची असते.

घड्याळावर विश्वास ठेवणं

ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. भारतभर एकच वेळ आहे आणि ती ८२.५ अंश रेखांशावरची. मालवण त्याच्या नऊ अंश पश्चिमेला. म्हणजे आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आगेमागे. त्यामुळे "तीन वाजले, आता ऊन उतरलं" हा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा अंदाज मे महिन्यात साफ चुकतो. साडेतीनपर्यंत तुमची सावली तुमच्यापेक्षा बुटकीच असते. सावली आपल्यापेक्षा लहान असेल तोवर ऊन कडक, ही खूण कुठेही चालते.

उलटं अंदमानला. सेल्युलर जेल पाहायला गेलेली मंडळी पुढे स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, समुद्रस्नानाला जातात. तिथे तेच घड्याळ, पण सूर्य सव्वाअकराच्या सुमारास माथ्यावर. मालवणपेक्षा सव्वा तास आधी. तिथल्या सकाळच्या नऊच्या उन्हाला कोवळं समजून मुलांना पाण्यात सोडू नका.

वारा थंड म्हणून ऊन कमी

आमचे होडीवाले पाहुण्यांना सांगत असतात, "वारो गार आसता, ऊन गार नसता." होडीत वाऱ्याने घाम सुकतो, अंग तापल्याचं कळत नाही, आणि तासाभरात मान भाजून निघते. पातळ ढगांमधून ९० टक्क्यांच्या वर अतिनील किरण खाली येतात. सुरूच्या सावलीत बसलात तरी कोरडी वाळू १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्के किरण परत फेकतो. पाण्याखाली अर्धा मीटरवरही पृष्ठभागाच्या ४० टक्के मारा असतो.

यावरून माझ्या भाच्याचं सांगते. दोन वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेला. चेहऱ्याला, हातांना छान लावलं होतं. पण स्नॉर्केलिंग करताना माणूस पालथा तरंगतो. चेहरा पाण्यात, आणि उन्हात काय? मानेची मागची बाजू, पाठ, आणि गुडघ्यामागचा खोलगट भाग. तिथे बोटभरही लावलं नव्हतं. रात्री त्याला पाय सरळ करता येईना, गुडघ्यामागे तळहाताएवढा लाल पट्टा. तेव्हापासून पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, "गुडघ्यामागे लावलंत?" कानांच्या कडा, केसांचा भांग, टक्कल, पावलांचा वरचा भाग आणि ओठ याही नेहमी राहून जाणाऱ्या जागा.

सगळा भार सनस्क्रीनवर टाकणं

जिथे कपडा जाईल तिथे कपडाच घाला. पूर्ण बाह्यांचा, गडद रंगाचा, दाट विणीचा पोहण्याचा टी-शर्ट पाठ-खांद्यांना दिवसभर सांभाळतो आणि सनस्क्रीनचा निम्मा खर्च वाचवतो. पांढरा सुती बनियन मात्र ओला झाला की किरण आत सोडतो, त्याचा भरवसा धरू नका. रुंद काठाची टोपी हवी. क्रिकेटची टोपी कान झाकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावूच नये, त्याला कपडे आणि सावली. खोबरेल लावून उन्हात बसणारेही असतात. खोबरेल कातडी मऊ ठेवतं, ऊन थांबवत नाही.

अंग झाकल्याने समुद्राचंही भलं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट या घटकांचे प्रयोगशाळेत प्रवाळांवर वाईट परिणाम दिसले. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा सनस्क्रीनवर बंदी आणली, थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत. समुद्रात नेमकं किती नुकसान होतं यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण दुसरा पर्याय हाताशी असताना ते घटक आमच्या पाण्यात कशाला? 'रीफ सेफ' या छापील शब्दांना कायद्याची व्याख्या नाही, मागची घटकांची यादीच वाचा. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन मिळालं तर उत्तम.

नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

डोळे चुरचुरतात ती तक्रार सर्वात जास्त. घामाबरोबर सनस्क्रीन कपाळावरून डोळ्यांत उतरतं. डोळ्यांभोवती झिंकची कांडी फिरवा आणि भुवईच्या वर कमी चोळा. झिंकने चेहरा पांढुरका दिसतो, तर थोडं थोडं दोन थरांत लावा. समुद्रावर थोडं पांढुरकं दिसलं तर बिघडत नाही. चोळताना मळासारख्या वळ्या निघत असतील तर खालचं क्रीम सुकलेलं नसतं. पाच मिनिटं थांबा आणि न रगडता थापून लावा.

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर धुतल्यावर तांबूस-पिवळे डाग उठतात. ॲव्होबेन्झोन हा घटक आणि बोअरच्या पाण्यातलं लोह यांचं ते काम. त्यावर ब्लीच घातलंत तर डाग आणखी पक्के होतील. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून मग धुवा.

स्प्रे वाऱ्यात मारला की निम्मा शेजाऱ्याच्या नाकात जातो. तळहातावर मारून मग चोळा, मुलांच्या तोंडावर तर कधीच मारू नका. संध्याकाळी डासांचं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर मलम. बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा तापल्या वाळूत ठेवू नका. उघडल्यावर पाणी आणि तेल वेगळं झालेलं दिसलं, तर ती टाकून द्या.

दोन गोष्टी सनस्क्रीनच्या नाहीत, पण किनाऱ्यावर घडतात. तळलेल्या मासळीवर कागदी लिंबू पिळून हात न धुता उन्हात गेलात, तर रस लागला तिथे भाजतं आणि काळे ओघळ उमटतात, ते कित्येक आठवडे जात नाहीत. आणि पिंपल्ससाठी किंवा आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोच्या तापासाठी देतात त्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील, तर ऊन एरवीपेक्षा खूप लवकर भाजतं. येण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

भाजल्यावर केलेल्या चुका

बर्फ चोळायचा नाही, टूथपेस्ट नाही, तेल-तूप नाही, कोकमाचं तेलही त्या दिवशी नाही. तेलकट थराखाली उष्णता अडकते. गार पाण्याची अंघोळ, ओल्या पंचाच्या घड्या, मग साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर. पाणी भरपूर प्या, सोबत कोकम सरबत. फार दुखत असेल तर पॅरासिटामॉल. फोड आले तर फोडू नका. फोड खूप असतील, ताप-थंडी, उलटी किंवा गरगरणं असेल, किंवा मूल लहान असेल, तर थांबू नका, मालवणला ग्रामीण रुग्णालयात या.

आणि दुसऱ्या दिवशीची होडी रद्द करा. भाजलेल्या पाठीवर पुन्हा ऊन घेऊ नका, पैसे गेले तरी चालतील. अशा पाहुण्यांना मी सैल सुती पूर्ण बाह्या घालायला लावते आणि धामापूरला पाठवते. तळ्याकाठी भगवतीचं देऊळ आहे, दाट झाडी आहे, अख्खी दुपार सावलीत बसता येतं.